बाळ फक्त झोळीतच झोपतं, रात्री खाली ठेवू देत नाही

रात्रपाळी

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असते, पण आता हात टेकलेत म्हणून धागा काढतेय.

लेक साडेचार महिन्यांची आहे. बाळंतपण माहेरी, साताऱ्याला झालं. तिथे आईने झोळी बांधली होती. कोथरूडला आलो तर साबांनी (सासूबाईंनी) हॉलमधल्या हुकाला आधीच स्प्रिंग टांगून ठेवलेली. परिणाम असा की बाईसाहेबांना झोळीशिवाय झोप नाही. झोका थांबला की डोळे टक्क उघडे. गादीवर ठेवावं तर पाठ टेकायच्या आत भोकाड. मध्यंतरी जरा बरं चाललं होतं, एका झोपेत चार तास काढायची. आता पुन्हा दर तासाला उठते.

लशीच्या वेळी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, रात्रभर झोळीत ठेवू नका. सपाट, कडक गादीवर उताणं झोपवा. हे घरी सांगितल्यावर साबा म्हणाल्या, "माझी दोन्ही झोळीतच वाढली. त्यातला एक तुझ्याशेजारी घोरतोय." यावर काय बोलणार!

पुढच्या महिन्यात सुट्टी संपतेय आणि पुन्हा हिंजवडीची वारी सुरू. झोळी सोडवायची कशी? फार न रडवता होतं का? आणि घरात भांडण न होता होतं का? कृपया "हेही दिवस जातील" असं लिहू नका. पहाटे तीनला ते वाक्य वाचलं की मोबाइल भिंतीवर मारावासा वाटतो.

अळीवलाडू

हेही दिवस जातील.

(पळा! दिवे घ्या हो.)

टेकडीवरची

अगदी अगदी! माझ्या लेकाला झोळी नव्हती, पण खांद्याची सवय होती. नवरा रात्री दोनला हॉलमध्ये येरझाऱ्या घालायचा. खालच्यांनी एकदा लिफ्टमध्ये विचारलं, "साहेब रात्री वॉक घेतात का?"

एक सांगते, एकदम रात्रीपासून सुरुवात करू नकोस. सकाळची पहिली डुलकी असते ना, अंघोळ-मालिश झाल्यानंतरची, तेव्हा बाळ सगळ्यात लवकर झोपतं. ती एकच झोप आधी गादीवर. बाकी सगळी झोळीत राहू दे. तेवढं जमलं की पुढची.

झंपीचा_बाबा

झोळीतून गादीवर बदली हा आमच्या घरात माझा प्रांत होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डोळे मिटल्या मिटल्या उचलायचं नाही. आधी मूठ बघायची. मूठ घट्ट असेल तर झोप कच्ची. बोटं सैल पडली, हात उचलून सोडला की लोंबकळत खाली आला, की मग हालचाल. गादीवर टेकवताना आधी ढुंगण, मग पाठ, डोकं सगळ्यात शेवटी. डोकं आधी खाली गेलं की त्यांना पडल्यासारखं वाटतं आणि दोन्ही हात फेकून दचकतात. टेकवल्यावर आपला हात लगेच काढायचा नाही. एक हात छातीवर, तो हळूहळू हलका करत न्यायचा. पाठ दुखते, पण चालतं. थंडीत चादर गार लागूनही झंपी उठायची, म्हणून मी आधी तिथे आपला हात फिरवून जागा जरा कोमट करायचो.

आणि झोका रोज थोडा कमी करा. आधी जोरात, मग हळू, मग नुसता हात लावून, मग थांबलेल्या झोळीत थोपटून. स्प्रिंग काढून साधी दोरी लावली तर हे सोपं जातं. स्प्रिंग एकदा सुरू झाली की बाळ हलतंय तोवर ती हलते.

खडूस_पुणेकर

मूळ पुणेकर बाळ असेल तर दुपारी एक ते चार हमखास झोपेल. नाही झोपलं तर जन्मदाखला तपासून घ्या.

रात्रपाळी

@खडूस_पुणेकर, जन्म साताऱ्याचा. तरीच!

@झंपीचा_बाबा, मुठीचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आज दुपारी बघते. स्प्रिंग काढायची तर साबांना काय सांगू?

काकू_कर्वेनगर

अगं, सांग की करकरते. पिठाच्या गिरणीसारखा आवाज करतात त्या मेल्या स्प्रिंगा.

आता माझं मत, तुम्हा मुलींना पटो न पटो. मी दोन मुलं आणि तीन नातवंडं झोळीत वाढवली आहेत. झोळी वाईट नाही. पण आमच्याकडे झोळीजवळ माणूस असायचं. मी स्वयंपाकघरात, तर सासूबाई दोरी धरून जपमाळ ओढत बसलेल्या. वाड्यात कुणीतरी असायचंच. दिवसभर झोळी आणि रात्री बाळ आईच्या कुशीत, अशी पद्धत होती. रात्री सगळे झोपलेत आणि बाळ एकटं हॉलमध्ये लटकतंय, असं आमच्या घरी कधी नव्हतं. हे तुझ्या सासूबाईंना विचार, त्याही हेच सांगतील. म्हणजे भांडायचं कारणच उरत नाही.

बाकी दर तासाला उठतेय तर पोट नीट भरत नसेल. रात्री झोपताना गुटीत जायफळाचे दोन वेढे जास्त द्यावेत, छान झोपतात.

बालरोगवाला

काकूंच्या झोळीबद्दलच्या मताला माझं शंभर टक्के अनुमोदन. जायफळाला सक्त विरोध. :)

पेशाने बालरोगतज्ज्ञ आहे. इथे तपासून सल्ला देता येत नाही, पण सर्वसाधारण गोष्टी लिहितो.

झोळीत पाठ गोल होते आणि हनुवटी छातीला टेकते. लहान बाळाची श्वासनलिका मऊ आणि अरुंद, मान सावरायची ताकद नाही. त्या स्थितीत श्वास अडू शकतो, आणि बाळ आवाजही न करता अडचणीत येऊ शकतं. शिवाय ते वळायला लागलं की कापडात तोंड जातं. अमेरिकेत १० अंशांपेक्षा जास्त उताराच्या, बाळांना झोपवायच्या साधनांवर २०२२ साली कायद्यानेच बंदी आली, ती याच काळजीपोटी. जागं माणूस शेजारी असताना दिवसा थोडा वेळ झोळी आणि गाढ झोपल्यावर सपाट जागी, हा मधला मार्ग मी पालकांना सांगतो. बाळ वळायला, उठून बसायला लागलं की झोळी पूर्ण बंद.

उताणं झोपवण्याबद्दल: अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स १९९२ पासून बाळांना पालथं झोपवू नका म्हणून सांगतेय आणि त्यानंतर तिथले झोपेतले अचानक अर्भकमृत्यू निम्म्याहून कमी झाले. गादी कडक, चादर ताणून बसवलेली. उशी नको, राईची उशीसुद्धा नको. लोड, मऊ खेळणी, जाड गोधडी काही नको. पुण्याच्या थंडीत अंगात एक कपडा जास्त घाला, पण झोपताना टोपरं-कुंची काढा. अंग तापलं की बाळ डोक्यातून उष्णता टाकतं. दुपट्यात हात बांधून गुंडाळत असाल तर वळायची पहिली चिन्हं दिसताच ते बंद.

दर तासाला उठण्याबद्दल: तीन-चार महिन्यांच्या सुमारास झोपेची घडण बदलते. मोठ्यांसारखी चक्रं सुरू होतात, फक्त बाळाचं एक चक्र साधारण ५० मिनिटांचं असतं. प्रत्येक चक्राच्या शेवटी ते अर्धवट जागं होतं. झोपताना झोका होता आणि आता नाही, हे कळलं की रडतं. त्याला लोक 'स्लीप रिग्रेशन' म्हणतात, पण मागे काही गेलेलं नाही, मेंदू पुढे गेलाय. वजन नीट वाढत असेल आणि दिवसभरात सहा-सात वेळा लंगोट ओले होत असतील, तर पोट न भरण्याची शंका सोडा. या वयात रात्री एकदोनदा पिणं अगदी स्वाभाविक आहे.

जायफळाबद्दल: गुंगी येते हे खरं, म्हणूनच नको. सहाणेवर किती उगाळलं गेलं याचं माप नसतं आणि जास्त मात्रेत ते विषारी आहे. सहा महिन्यांपर्यंत आईचं दूध, बाकी पाणीसुद्धा नाही. डॉक्टरांनी दिलेली औषधं आणि 'ड' जीवनसत्त्वाचे थेंब एवढाच अपवाद. गुटी मधात चाटवत असाल तर मध एक वर्षापर्यंत पूर्ण वर्ज्य, त्यातून बोट्युलिझम (एक गंभीर विषबाधा) होऊ शकतो.

काकू_कर्वेनगर

डॉक्टर, मुरडशेंग, बाळहिरडा, वेखंड घेऊन पिढ्या वाढल्या. सगळं एका फटक्यात बाद करू नका. मधाचं ऐकलंय, ते मान्य.

बालरोगवाला

पिढ्या वाढल्या, आणि त्या पिढ्यांमधली वाढली नाहीत ती मुलं हा धागा वाचायला आलेली नाहीत, काकू. तुमच्या हाताला वळण आहे, आजच्या पाकिटातल्या तयार गुटीला नाही. एवढं बोलून गुटीवर थांबतो.

अळीवलाडू

आम्हाला ग्राइप वॉटरवर वाढवलं. रांगेत उभे राहून चमचा मागायचो.

वैशाखवणवा

अवांतर: ग्राइप वॉटर १८५१ सालचं, इंग्लंडमधल्या विल्यम वुडवर्ड नावाच्या औषधविक्रेत्याचं. मूळ मिश्रणात शेपाचं तेल, साखर, खायचा सोडा आणि चक्क अल्कोहोल होतं. आता नसतं. मागच्या पिढ्यांची बाळं शांत का झोपायची, यावर थोडा प्रकाश पडावा.

अळीवलाडू

आणि त्या पिढ्या आता आपल्याला विचारतात, तुमचीच मुलं का रडतात!

हिंजवडी_फेज_तीन

इथे सगळे गोल गोल बोलतायत. आम्ही सहाव्या महिन्यानंतर सरळ फर्बर पद्धत केली. ठरलेल्या वेळी अंघोळ, दूध, दिवा बंद, बाळ जागं असतानाच पाळण्यात, आपण बाहेर. रडलं तर तीन मिनिटांनी आत जाऊन थोपटायचं, उचलायचं नाही. मग पाच, मग दहा. आठवडा लागला नाही. दोघंही नोकरीवाले, घरी तिसरं माणूस नाही, दुसरा पर्याय काय होता?

ओवी_आई

लेकराला रडत ठेवून बाहेर घड्याळ बघत बसायचं? मला नाही जमणार. ते काही शिकत नाही, फक्त कुणी येणार नाही हे त्याला कळतं.

हिंजवडी_फेज_तीन

@ओवी_आई, "कुणी येणार नाही" कुठून काढलंत? दर काही मिनिटांनी जातोच आहोत. आणि गाडी चालवताना डुलकी लागून चांदणी चौकात ठोकली असती तर बाळाला ते जास्त बरं झालं असतं का?

बालरोगवाला

दोघंही थोडं थांबा. सहा महिन्यांनंतर, निरोगी बाळावर, आईबाप दोघांच्या संमतीने ही पद्धत केली तर दीर्घकाळ इजा होते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. न केल्यानेही बाळाचं काही बिघडत नाही. पण धागाकर्तीची लेक साडेचार महिन्यांची आहे. तिच्यासाठी आत्ता झंपीच्या बाबांचा झोका कमी करत नेण्याचा उपायच योग्य.

ओवी_आई

ठीक आहे. ती चांदणी चौकाची ओळ मात्र लागली. बाळ माझ्याजवळ झोपतं म्हणून मी निदान झोपते तरी. खाली गादी घालून आम्ही शेजारी झोपतो, भारतात निम्म्याहून जास्त घरांत हेच असेल.

बालरोगवाला

असेल. सगळ्यात सुरक्षित म्हणजे त्याच खोलीत, पण बाळाची जागा वेगळी. किमान सहा महिने. शेजारी घेणारच असाल तर निदान या गोष्टी पाळा: सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला घेऊन कधीच झोपायचं नाही. कुणी सिगारेट ओढत असेल, दारू किंवा झोपेची गोळी घेतलेली असेल तर नाही. बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा जन्मताना अडीच किलोच्या आतलं असेल तर नाही. मोठ्यांचं पांघरूण बाळाच्या अंगावर येता कामा नये.

जुळ्यांची_माय

सगळं बाळाच्या झोपेबद्दल चाललंय. मूळ पोस्टमधला नवरा घोरतोय, त्याच्याबद्दल कुणीच काही बोलेना!

आमच्याकडे जुळे होते, त्यामुळे लाज-शरम सोडून वाटणी केली. रात्री नऊ ते दोन तो, दोन ते सात मी. ज्याची पाळी नाही तो दुसऱ्या खोलीत, दार बंद, कानात बोळे. माझ्या झोपेच्या वेळात तो काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्याने पाजायचा. सलग पाच तास झोप मिळाल्यावर जे डोकं जागेवर येतं ना, ते दहा वेळा उठून आठ तास अंथरुणात काढले तरी येत नाही. अंगावर पाजायचं बापाला जमत नाही, मान्य. ढेकर काढणं, लंगोट बदलणं, थोपटणं, सकाळी सहाला बाळाला घेऊन सोसायटीत खाली जाणं, यातलं काहीही आईच्या अंगात बसवलेलं नसतं.

झंपीचा_बाबा

+१. आणि बापाकडे दुधाचा वास नसतो, त्यामुळे बऱ्याचदा आमच्याकडे लवकर झोपतात. रात्रीच्या पहिल्या उठण्याला बाबाने जायचं. बघा करून.

मोरपंख

थोडा गंभीर सूर लावते. @रात्रपाळी, तू विनोद करत लिहितेस म्हणून विचारते, बाळ झोपल्यावर तुला झोप लागते का? माझं तसं व्हायचं नाही. बाळ गाढ झोपलेलं आणि मी त्याचा श्वास बघत बसलेली. भूक नाही, रडू कधीही. घरचे म्हणायचे ओली बाळंतीण आहे, व्हायचंच. शेवटी बहिणीने ओढत डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दहा प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेतली. एडिनबरा स्केल म्हणतात, १९८७ पासून जगभर वापरतात. बाळंतपणानंतरचं नैराश्य निघालं. उपचार झाले, दूध पाजणंही बंद करावं लागलं नाही. कुणाला घरात बोलता येत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. मोफत, चोवीस तास, मराठीत बोलतात.

रात्रपाळी

@मोरपंख, थँक्यू गं. मला उशीला डोकं टेकायच्या आत झोप लागते, तेवढं सुख आहे. रडू मात्र येतं. पुढच्या वेळी डॉक्टरांना सांगेन.

@जुळ्यांची_माय, नवऱ्याला तुझा प्रतिसाद पाठवला. "वाचतो" म्हणाला. घोरला.

वैशाखवणवा

नोकरीचा विषय निघालाय म्हणून. प्रसूती रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळांसाठी २६ आठवडे पगारी रजा असते हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच कायद्यात मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टी आहे, आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक आहे, तिथे दिवसातून चार वेळा जाता येतं. एचआरला मेलवर विचारा, तोंडी नको. वडिलांसाठी खासगी क्षेत्रात असा कायदा नाही, केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना १५ दिवस मिळतात. त्यामुळे बिचारे बाप पहाटेपर्यंत जागून सकाळी ऑफिसच्या स्टँडअप मीटिंगला पेंगतात.

खडूस_पुणेकर

आमच्या वरच्या मजल्यावर असंच एक बाळरत्न आहे. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते तेव्हा पंखा थांबतो आणि ते सुरू होतं. मी गुरुवारी दुपारी बाहेरच असतो.

टेकडीवरची

हो, पंख्याच्या आवाजाची सवय लागते खरी. ते शूऽऽ आवाजाचं यंत्र घ्यायचं असेल तर पाळण्यापासून दोन मीटर तरी लांब ठेव आणि आवाज अगदी कमी. मोबाइल उशाशी ठेवून लावू नकोस.

अळीवलाडू

पुण्यातल्या बाळांना कसली यंत्रं! आमचं कार्टं लक्ष्मी रस्त्याजवळ, ढोल-ताशाचा सराव चालू असताना घोरत पडायचं. आणि स्वयंपाकघरात चमचा पडला की ताडकन जागं.

काकू_कर्वेनगर

गणपतीत तान्ह्या बाळाला मिरवणुकीला नेऊ नका हो कुणी. कान नाजूक असतात. घरून आरती पुरे.

रात्रपाळी

बऱ्याच दिवसांनी येतेय, खबर द्यायची राहिली होती.

काकूंचं ऐकून साबांना विचारलं, तुमच्या वेळी रात्री झोळीत ठेवायचात का? तर म्हणाल्या, "छे गं, रात्री कोण ठेवतं!" एवढं सोपं होतं. आता दुपारच्या झोपेला झोळी, त्या स्वतः शेजारी खुर्ची टाकून बसतात. स्प्रिंग गेली (करकरते म्हणून), दोरी आली. सकाळची डुलकी गादीवर जमते. रात्री पहिली झोप माझ्या खाटेला लागून ठेवलेल्या तिच्या पाळण्यात, तीनेक तास. नंतरचं अजून बेभरवशाचं आहे, पहाटे चारनंतर तर काहीच चालत नाही. रात्रीचं पहिलं उठणं नवऱ्याकडे. पहिल्या रात्री दोघंही रडायच्या बेतात होते, आता तो मूठ तपासतो.

ऑफिसला मेल टाकला. पाळणाघर आहे, पण वर्षाच्या आतलं बाळ घेत नाहीत म्हणे. @वैशाखवणवा, यावर काही करता येतं का?

वैशाखवणवा

नियम लेखी मागा. पाळणाघराची सोय ही कायद्याने दिलेली आहे, त्यामुळे तान्ह्यांना वगळायचं कारण त्यांनी सांगायला हवं. तोवर दोन वेळच्या पाजण्याच्या सुट्टीसाठी वेगळा अर्ज टाकून ठेवा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, मसुदा देतो.

ओवी_आई

पाळण्याला मच्छरदाणी लावतेस ना? छत्रीसारखी उघडझाप होणारी घेतलीस तर बाळ लाथ मारून उलटवतं. चारही बाजूंनी ताणून बांधायची घे. तुळशीबागेत मापाची शिवून देतात. कॉइल आणि धुरी बंद खोलीत नको.

नवखी_आई

नमस्कार, सगळा धागा वाचला. माझा मुलगा सात महिन्यांचा आहे, आत्तापर्यंत छान झोपायचा, आता दात येतायत म्हणून रात्रभर किरकिर. हिरड्यांना काय लावावं?

अळीवलाडू

ताई, वेगळा धागा काढा, इथे हरवून जाईल. शीर्षकात वय लिहा. आणि काकू येण्याआधी सांगून ठेवतो, जायफळ नको.